चौदा सेकंद

एडिनबरा विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरात,
जिथला हीटर नवसाला पावल्यासारखा कधीतरीच लागतो,
मी एल्स्पेथ कारमायकल बाईंचा आवाज ऐकते.
तासाचे पैसे मिळतात.

बाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली.
मागे उरल्या एकशे बेचाळीस कॅसेटी, बुटांच्या खोक्यांत.
प्रत्येकीवर हिरव्या शाईत गाव, तारीख,
कुठे कुठे हवामान : उकाडा. माशा. चहा फार गोड.
मलावीत, चर्चच्या पायरीवर, देवराईत, बाजाराच्या कडेला,
एकच प्रश्न वीस तऱ्हांनी विचारत हिंडल्या त्या :
माणूस देवाला भितो, सरकारलाही भितो,
तर एक भय संपून दुसरं
नेमकं कुठे सुरू होतं?

मला ती भाषा येत नाही.
बाईंचं भाषांतर शेजारी ठेवून
मी फक्त मिनिटं जुळवते.

कॅसेट एकोणसत्तर. ऑक्टोबर त्र्याहत्तर.
येरेमिया, प्रार्थनाघराचा राखणदार,
आवाज वाळल्या शेंगेसारखा, आत दाणे खुळखुळणारा.
पाऊस कोणाच्या शब्दाने येतो, पूर्वज कोणाच्या स्वप्नात जातात,
भडाभडा सांगतो.
मग बाई विचारतात, आणि पक्षाचं कार्ड?
ज्यांनी नाही घेतलं, ते कुठे गेले?

चौदा सेकंद.
मोजावेच लागतात, तसा नियम आहे.
एक कोंबडी. मुसळाचे तीन घाव. टेपची खरखर.
मग तो म्हणतो, देव मोठा आहे.

या चौदा सेकंदांवर बाईंच्या पुस्तकात बावीस पानं आहेत.
श्रद्धेचं मौन, म्हणतात त्या,
आणि इतकं सुंदर म्हणतात
की डबा उघडा ठेवून मी वाचत राहिले, पोळ्या वातड झाल्या.

संध्याकाळी लोनेस कचाले येते, व्हॅक्यूम ओढत.
कानात बोळे घालून बसलेलं माणूस तिला खपत नाही,
म्हणून त्या दिवशी आवाज मोकळा होता.
येरेमिया थांबला. लोनेसही थांबली.
मशीन बंद केलं तिने.
"मागे घे."
घेतलं.
"अजून मागे."
मग टेबलावर बोट आपटून, "न्जिंगा."

सायकल.
मुसळाच्या दुसऱ्या घावामागे, डासाएवढी,
एक घंटा.
"पक्षाची पोरं सायकलवरून यायची," ती म्हणाली,
"आई कांडायचं थांबवायची नाही. थांबलं की संशय."
आणि खरंच, तिसरा घाव
जरा जास्तच जोरात होता.

मी म्हटलं, आमच्याकडे याला मूग गिळणं म्हणतात.
तिने मूग पाहिले फोनवर, नाक मुरडलं.
"आम्ही नांदोलो गिळले असतील."
नांदोलो शोधले. तूर निघाली.
हसलो दोघी, नको तितक्या मोठ्याने,
वरून कोणीतरी दार लावून घेतलं.

ती गेल्यावर मी बाईंच्या वह्या काढल्या.
रागाने, खरं सांगायचं तर.
बावीस पानं! आणि कान कुठे होते?
चौऱ्याऐंशीची वही, पुस्तकानंतर तीन वर्षांनी,
समासात पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात :
घंटा? य.ला विचारायला हवं.
त्याखाली, वेगळ्या दिवशीच्या पेन्सिलीने :
य. नाही आता.
पुढची पानं कोरी.
एकावर चहाच्या कपाचं वर्तुळ.

मूळ मजकुरात शब्द घालायची परवानगी नाही.
ध्वनीची नोंद करता येते, चौकटी कंसात.
मी लिहिलं : शांतता, चौदा सेकंद.
नवव्या सेकंदाला सायकलची घंटा.
ओळखणाऱ्याचं नाव : लोनेस कचाले.
त्या रकान्यात हुद्दा विचारतात.
सफाई लिहिलं, खोडलं,
मग तो तसाच रिकामा ठेवला

आणि टेप पुन्हा लावली.
आता मला कोंबडी ऐकूच येत नाही.